खानापूरच्या वाड्यांवरचा ताप आणि खोकला : सीमेवर रुग्णाची नोंद कुठे तुटते?

मलप्रभाकाठ (धागाकर्ता)

मी आरोग्य खात्यातून आरोग्य सहाय्यक म्हणून निवृत्त झालो. नोकरीतील बरीच वर्षे खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटी, कणकुंबी आणि भीमगड अभयारण्याच्या आसपासच्या वाड्यांवर फिरण्यात गेली. ताप आणि खोकला या भागात घरोघरी असतो. त्यांतला कोणता ताप दोन दिवसांत उतरेल आणि कोणता माणसाला घेऊन जाईल, हे सर्वांत आधी ओळखण्याची वेळ डॉक्टरांवर क्वचित येते. ती वाडीवर चालत जाणाऱ्या आशाताईंवर आणि नर्सबाईंवर येते. त्याविषयी येथे सविस्तर चर्चा व्हावी, म्हणून हा धागा काढत आहे.

एका गवळीवाड्यावरची हकीगत सांगतो. ओळख पटू नये म्हणून गाव आणि साल लिहीत नाही. पस्तिशीचा एक गडी गोव्यात बांधकामावर होता. तिकडेच त्याला क्षयाचे निदान झाले, औषध सुरू झाले, दोन महिन्यांत खोकला थांबला, अंगावर थोडे मांस आले आणि चतुर्थीला घरी आलेला तो पुन्हा गेलाच नाही. घरात त्याने कोणाला काही सांगितले नाही. माघात आमच्या आशाताई त्या वाड्यावर गेल्या, तेव्हा त्याची बायको चुलीपुढे बसून खोकत होती आणि तो स्वतः घोंगडी पांघरून दारात उन्हाला बसला होता. ताईंनी बायकोच्या खोकल्याची चौकशी सुरू केली, तशी सासू आत गेली आणि तिने पत्र्याच्या ट्रंकेतून कापडात गुंडाळलेले एक कार्ड आणून हातावर ठेवले. कार्ड इंग्रजीत होते, घरात ते कोणाला वाचता येत नव्हते. गोळ्या घेतल्याच्या खुणा दोन महिने ओळीने होत्या आणि पुढचे सगळे चौकोन कोरे होते.

दोघांचीही तपासणी झाली, दोघांनाही क्षय निघाला आणि चार वर्षांच्या मुलीला प्रतिबंधक औषध सुरू करावे लागले. गोव्यातल्या दवाखान्याने आपले काम केले होते, आमच्या दवाखान्यानेही कळल्यावर आपले काम केले. मधले जे पाच महिने गेले, त्यांत या माणसाची माहिती कोणाकडेच नव्हती. आपल्या लोकांचे पोट तीन राज्यांत विभागले आहे. काम गोव्यात, नाते कोल्हापूर-सिंधुदुर्गात, रेशनकार्ड कर्नाटकात. रोग माणसाबरोबर सगळीकडे फिरतो आणि त्याचा कागद मात्र जिथे लिहिला तिथेच राहतो. या बाबतीत गावपातळीवर नेमके काय करता येते, आपापल्या भागातील अनुभव काय आहेत, हे जाणकारांनी कृपया लिहावे.

बेळगावचा दवाखाना

मलप्रभाकाठ, आपण लिहिलेली हकीगत आमच्या बाह्यरुग्ण विभागात वेगवेगळ्या रूपांत येत असते. मी डॉक्टर आहे, त्यामुळे उपचाराची बाजू थोडी उलगडून सांगतो.

साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन औषधे रोज घ्यायची असतात. पहिल्या दोन महिन्यांत झपाट्याने वाढणारे जंतू मरतात, म्हणून खोकला थांबतो, भूक लागते आणि माणसाला आपण बरे झालो असे मनापासून वाटते. परंतु शरीरात काही जंतू जवळजवळ झोपल्यासारखे पडून असतात आणि ते मारण्यासाठीच पुढचे चार महिने लागतात. त्या काळात औषध सुटले की रोग उलटतो, आणि उलटलेल्या रोगावर नेहमीची औषधे लागू पडतीलच याची खात्री राहत नाही. म्हणून अशा रुग्णाचा बेडका सीबीनॅट किंवा ट्रूनॅट यंत्रावर तपासून रिफाम्पिसिन या क्षयाच्या मुख्य औषधाला जंतू दाद देतात की नाही, हे आधी पाहावे लागते. ट्रूनॅट हे यंत्र गोव्यातल्याच कंपनीने बनवलेले आहे आणि ते बॅटरीवर चालते, त्यामुळे वीज सतत जाणाऱ्या भागातही ते वापरता येते.

कागदाच्या प्रश्नावर एक उपाय आधीच उपलब्ध आहे, पण तो रुग्णाला कोणी समजावून सांगत नाही. प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद निक्षय या संगणकीय प्रणालीत होते आणि त्याला जो क्रमांक मिळतो तो साऱ्या देशात चालतो. रुग्ण गोव्यातून खानापुरात आला, तर तिकडच्या केंद्राने ती नोंद इकडे वर्ग करायची असते आणि उरलेली औषधे त्याला इथे मोफत मिळतात. अडचण अशी की रुग्ण गावी जाताना दवाखान्यात सांगून जात नाही, कारण सांगायचे असते हेच त्याला माहीत नसते.

दुसरी गोष्ट अन्नाची. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रेशन्स या अभ्यासात क्षयरुग्णांच्या घरच्यांना दरमहा जादा धान्य-डाळ देण्यात आली. त्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झाले. अभ्यासाचे नेतृत्व करणारे डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव हे आपल्याच राज्यातील, मंगळूरचे. त्याच अभ्यासात असेही दिसले की ज्या रुग्णांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण पुष्कळच कमी होते. वाडीवर वजनकाटा असणे किती मोलाचे आहे, हे यावरून लक्षात येईल. निक्षय पोषण योजनेतून २०१८ पासून महिना ५०० रुपये मिळत होते, ते नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाले आहेत. मात्र त्यासाठी बँक खाते लागते, आणि ज्याची नोंद हरवली त्याचे पैसेही अडकतात.

आशाताईची लेक

माझी आई खानापूर तालुक्यात आशा म्हणून काम करते. ती स्वतः येथे लिहीत नाही, तिचे म्हणणे मी लिहिते.

डॉक्टरसाहेबांनी बेडक्याच्या तपासणीविषयी लिहिले, त्यावरून आईने मला एक प्रसंग लिहायला सांगितला. तिच्या गावातील एका वयस्क मावशींना महिनाभर खोकला होता. दवाखान्यात त्यांना डबी दिली गेली आणि कसे करायचे ते कन्नडमध्ये सांगितले गेले. मावशींना कन्नड कामापुरते कळते, बाजारात भाव करण्याइतके. त्यांनी मान डोलावली, घरी आल्या आणि डबीत थुंकी भरून दिली. थुंकीत क्षयाचा जंतू सहसा सापडत नाही, त्यामुळे अहवाल निर्दोष आला आणि मावशी निर्धास्त झाल्या. दीड महिन्याने त्यांना चालता येईना, तेव्हा आई पहाटे त्यांच्या घरी जाऊन बसली. तिने त्यांना चूळ भरायला लावली, दोन-तीन वेळा खोल श्वास घेऊन सोडायला सांगितला आणि मग म्हणाली, "आता पोटातून खोका, मावशी, घशातून नको." डबीत पिवळट, घट्ट बेडका आला आणि त्या नमुन्यात क्षय निघाला.

सांगणाऱ्या नर्सबाईंचा यात दोष नव्हता असे आईचे मत आहे, कारण त्यांची बदली दुसऱ्या जिल्ह्यातून झालेली होती आणि त्यांनी आपल्या भाषेत नीट सांगितले होते. परंतु दवाखान्यातील फलक, गोळ्यांचे वेळापत्रक आणि रुग्णाला द्यायची पत्रके कन्नडबरोबर मराठीतही असली, तर असे दीड महिने वाया जाणार नाहीत. येथे भाषेचा वाद कोणी आणू नये, ही विनंती. खोकणाऱ्या माणसाला त्याच्या भाषेत सांगितले तर औषध लागू पडते, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आईच्या वहीविषयीही सांगते. सरकारी नोंदवही वेगळी असते, ती कन्नडमध्ये भरावी लागते. आई त्याशिवाय स्वतःची एक शाळेची वही ठेवते. त्यात प्रत्येक घरासमोर तिने एक रकाना आखला आहे आणि त्याचे नाव ठेवले आहे "कुठे गेले". कोण पणजीला, कोण म्हापशाला, कोण बेळगावात हॉटेलात, कोण दोडामार्गला काजूवर. चतुर्थी, दिवाळी आणि शिमग्याला माणसे परतली की ती पहिल्या दोन दिवसांत त्या घरांत जाते आणि खोकला, ताप, घटलेले वजन यांची चौकशी करते. हे करायला तिला कोणी सांगितलेले नाही आणि याचा मोबदलाही मिळत नाही. आशांना ठरावीक कामांचे ठरावीक पैसे मिळतात, आणि "कुठे गेले" हे त्या यादीत नाही.

निपाणी वेस

लेकीने लिहिलेला "कुठे गेले" हा रकाना वाचून मन भरून आले. आमच्याकडे निपाणी-चिकोडी भागात याची दुसरी बाजू आहे, ती म्हणजे "कुठून आले".

दिवाळीनंतर कारखान्यांचे गाळप सुरू होते आणि बीडकडून, विजयपूर भागातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांच्या खोपट्या शिवारात, ओढ्याकाठी पडतात. चार-पाच महिने ही माणसे आमच्या हद्दीत राहतात, पण आमच्या कोणत्याही यादीत नसतात. त्यांच्यातली तान्ही मुले गोवर-रुबेलाच्या डोसाला मुकतात, कारण पहिला डोस नवव्या महिन्यानंतर आणि दुसरा सोळाव्या ते चोविसाव्या महिन्यात द्यायचा असतो आणि त्या दोन्ही वेळी टोळी दुसऱ्याच गावात असते. गोवर हा सर्वांत झपाट्याने पसरणाऱ्या रोगांपैकी एक आहे. तो थोपवण्यासाठी शंभरांतील सुमारे ९५ मुलांना दोन्ही डोस मिळावे लागतात, त्यामुळे दहा-बारा खोपट्या सुटल्या तरी मोठी फट राहते.

आमच्या गावात एका वर्षी अंगणवाडीताई आणि आशाताईंनी मिळून सरळ मुकादमाला गाठले. टोळीत किती जोडपी, किती मुले, किती गरोदर बायका, हे सारे मुकादमाला पाठ असते, कारण उचल त्यानेच दिलेली असते. त्याच्याकडून यादी घेतली आणि लसीकरण सकाळी न ठेवता तोडीवरून बायका परतल्यावर, दिवस मावळायच्या आधी खोपट्यांवरच ठेवले. वेळ बदलली एवढ्यानेच काम झाले.

निपाणीत विडी वळणाऱ्या बायकांचा प्रश्न वेगळा धागा काढण्याइतका मोठा आहे. बंद खोलीत तंबाखूची धूळ, खाली मान घालून दिवसभर बसणे, आणि खोकला आला की "तो धुळीचाच आहे" असे धरून चालणे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेला खोकला तपासलाच पाहिजे, हा नियम तेथे सर्वांत जास्त मोडला जातो.

कणकुंबी घाट

सर्वांचा आदर राखून एक वेगळे मत मांडतो. आशाताईंची वही, मुकादमाची यादी, हे सारे चांगले आहे. पण भीमगडच्या आतल्या वाड्यांवर पावसाळ्यात ओढे भरले की रस्ता राहत नाही, मोबाइलला रेंज नसते, १०८ ची गाडी जिथपर्यंत येते तिथपर्यंत आजारी माणसाला लाकडाच्या डोलीत घालून खांद्यावर न्यावे लागते. २०११ मध्ये अभयारण्य जाहीर झाल्यापासून रस्त्याचा प्रत्येक प्रश्न वनखात्याच्या दारात अडतो. मी स्वतः डोलीला खांदा दिला आहे. पुढच्या दोघांचे पाय चिखलात रुततात, मागचे दोघे सारा भार पेलतात आणि डोलीतली बाई कण्हत असते. अशा वेळी गावपातळीवरचे आरोग्य वगैरे बोलणे मला अपुरे वाटते. आम्हाला रस्ता, डॉक्टर आणि दवाखाना हवा. महाराष्ट्राने २०२३ मध्ये सीमाभागातील ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली, त्याने निदान मोठ्या आजाराला आधार मिळेल, अशी आमच्याकडच्या लोकांना आशा आहे.

बेळगावचा दवाखाना

कणकुंबी घाट, आपला राग रास्त आहे आणि रस्त्याला पर्याय नाही. डोलीची वेळ आलेल्या बाळंतिणीला आशाताईंची वही वाचवू शकत नाही.

तरीही दोन गोष्टी नम्रपणे मांडतो. आपण उल्लेख केलेली योजना ठरावीक आजारांवरील रुग्णालयातील उपचार आणि शस्त्रक्रियांसाठी आहे. तिसऱ्या दिवशीचा ताप, दोन आठवड्यांचा खोकला किंवा राहून गेलेली लस तिच्या कक्षेत येत नाही, आणि संसर्गजन्य रोगांतली बरीचशी माणसे तेथेच हातची जातात. दुसरे असे की जेथे रस्ते आणि डॉक्टर नव्हते तेथेच गावातल्या माणसांनी हे काम करून दाखवले आहे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावानेच निवडलेल्या, बहुतेक निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या संस्थेने गावातल्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घेणे आणि जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे शिकवले. त्याचा अभ्यास १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि नवजात बालकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे त्यात दिसले. या दोन्ही ठिकाणी बायकांना शिकवले, औषध हातात दिले, वरचेवर भेट दिली आणि अडल्यास पुढे पाठवण्याची सोय ठेवली. आपल्याकडे आशांना कामे भरपूर दिली, पण हातात देण्यासारखे फार थोडे दिले, हे मी डॉक्टर म्हणून खेदाने मान्य करतो.

कणकुंबी घाट

डॉक्टरसाहेब, हे पटले. मग आमच्याकडच्या ताईंना तापावर काय देता येईल, हेही लिहावे. आमच्याकडे काजूच्या दिवसांत माकडतापाची भीती असते.

मलप्रभाकाठ (धागाकर्ता)

माकडतापाविषयी मी लिहितो, कारण त्या कामात मी होतो.

हा रोग प्रथम १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात सापडला. विषाणू गोचिडीतून माणसात येतो. माकडेही त्याने मरतात, म्हणून जंगलात माकड मेलेले दिसणे ही पहिली सूचना असते. २०१५-१६ च्या सुमारास तो गोव्यातील सत्तरी आणि सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागात पसरला, आणि नेमक्या त्याच काजूबागांत आपली खानापूरची माणसे मजुरीला जातात. गोचिडीची पिल्ले, जी डोळ्याला तिळाएवढी दिसतात, ती डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत पाचोळ्यात असतात. काजूबोंडे खाली पडलेली वेचायची म्हणजे हात सतत त्या पाचोळ्यात. घरी येतानाही गोठ्यात अंथरायला पाचोळ्याचे भारे डोक्यावरून आणले जातात, आणि त्यांबरोबर गोचीड थेट घरात येते.

एकाएकी चढलेला जोराचा ताप, कपाळ फुटेल असे डोके दुखणे, अंग मोडून येणे, पुढे काहींना हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, ही लक्षणे असतात. काही रुग्णांचा ताप उतरतो आणि एक-दोन आठवड्यांनी पुन्हा चढतो. तेव्हा मान ताठरणे, भ्रम होणे असे प्रकार होतात. शंभरांत तीन ते पाच रुग्ण दगावतात. यावर नेमके औषध नाही आणि पूर्वीची लस पुरेशी परिणामकारक नसल्याने थांबवली आहे, म्हणून सारा भर गोचीड अंगाला न लागू देण्यावर आहे. जंगलात जाण्यापूर्वी दवाखान्यातून मिळणारे, गोचीड दूर ठेवणारे डेपा तेल उघड्या अंगाला लावावे, पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, परतल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून स्वतः साबणाने अंघोळ करावी, आणि काखा, जांघा, कानामागे एकमेकांनी तपासून पाहावे. मेलेल्या माकडाला हात न लावता लगेच दवाखान्यात कळवावे. तापात ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी द्यावे. डेंग्यूलाही हेच लागू आहे, त्यामुळे ताईंना दोन्ही रोगांत फरक करता आला नाही तरी हातून चूक होणार नाही.

येथेही प्रश्न पुन्हा नोंदीचाच येतो. चावा दोडामार्गात, ताप जांबोटीत. ताप आलेल्या माणसाने "मी आठ दिवसांपूर्वी काजूवर होतो" हे सांगितले नाही, तर डॉक्टर मलेरिया-टायफॉइडच्या तपासण्या करत बसतात आणि ज्या बागेत गोचीड आहे तिथे इतर मजूर काम करतच राहतात. ताईंनी पहिला प्रश्न "ताप किती दिवस" असा विचारला की दुसरा "कुठून आलात" हा विचारावा, असे मी प्रत्येक बैठकीत सांगत असे.

घटप्रभाकाठ

पुराच्या गावांविषयी थोडक्यात लिहितो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या गोकाक भागात घरांत पाणी आले, तेव्हा लोक शाळांत आणि नातेवाइकांकडे विखुरले. पाणी ओसरल्यावर जुलाब आणि तापाचे रुग्ण वाढले, पण कोणाच्या घरातली माणसे कुठे आहेत हे फक्त गावच्या आशाताईंनाच माहीत होते. चिखलातून अनवाणी फिरणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिस या दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाच्या प्रतिबंधासाठी आठवड्यातून एकदा डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक देतात. त्या गोळ्या गरोदर बायकांना आणि लहान मुलांना द्यायच्या नसतात, म्हणून सरसकट वाटताही येत नाहीत. कोण गरोदर आहे हे तोंडपाठ असलेली व्यक्ती त्या दिवसांत फार उपयोगी पडली.

निपाणी वेस

धागाकर्त्यांना एक व्यावहारिक प्रश्न. आमच्या गल्लीतील एक मुलगा पुढच्या आठवड्यात मडगावला कामाला जात आहे आणि त्याचा क्षयाचा उपचार तिसऱ्या महिन्यात आहे. त्याला नेमके काय सांगावे?

आशाताईची लेक

आईला विचारून उत्तर देते. जाण्यापूर्वी त्याने दवाखान्यात जाऊन मी मडगावला जात आहे असे स्पष्ट सांगावे आणि नोंद तिकडे वर्ग करून घ्यावी. नवीन ठिकाणी औषध सुरू होईपर्यंत पुरतील इतक्या गोळ्या मागून घ्याव्यात. निक्षय क्रमांकाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा आणि तोच क्रमांक कागदावर लिहून घरी आईकडे किंवा बायकोकडेही द्यावा, कारण मोबाइल हरवतो. निघताना वजन करून घ्यावे आणि तिकडे पोचल्यावर तेथल्या केंद्रात ते सांगावे. त्याच्या घरात कोणी खोकत असेल किंवा लहान मूल असेल, तर तो जाण्यापूर्वीच त्यांची तपासणी व्हावी.

आणि त्याच्या घरासमोरच्या रकान्यात तुमच्या आशाताईंनी मडगाव असे लिहून ठेवावे. चतुर्थीला तो आला की त्या विचारतील.